सुचतं म्हणजे नेमकं काय होतं? जुन्नर तालुक्यातल्या तीन जागा



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘विज्ञान आणि सर्जनशीलता’ असा जाहीर झालाय. शब्द भारदस्त आहेत. मला त्यातला एकच साधा प्रश्न घ्यायचाय. माणसाला एखादी गोष्ट ‘सुचते’, तेव्हा नेमकं काय होतं?

आपल्याकडे याच्या ठरावीक गोष्टी आहेत. न्यूटनचं सफरचंद, आर्किमिडीजचं न्हाणीघर. या गोष्टींत एक गोम आहे बघा. माणूस एकटा असतो, सगळं क्षणात घडतं आणि घडतं ते कुठंतरी लांब. ऐकणाऱ्या पोराला वाटतं, माझ्या डोक्यात अशी वीज काही चमकत नाही, म्हणजे मी त्यातला नाही. विषय तिथंच संपतो. म्हणून आज आपण लांब जायचंच नाही. जुन्नर तालुक्यातल्या तीन जागा घेऊ : नाणेघाट, खोडद आणि बोरी. यातल्या दोन तरी तुम्ही पाहिल्या असतील.

नाणेघाट : आकडे आहेत, शून्य नाही

कल्याण-सोपाऱ्याकडचा माल कोकणातून या घाटानं वर जुन्नरला यायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. पावसाळ्यात तिथं फोटो काढायला गर्दी असते. पण जवळच्या गुहेतल्या भिंती नीट बघणारे कमी. त्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणीचं नाव अभ्यासक नागनिका असं सांगतात. लेखात यज्ञांची आणि दानाची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. यादी म्हटली की आकडे आलेच. आपल्या देशातल्या अंकचिन्हांच्या फार जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला.

त्या यादीत ६,००१ कार्षापण असा एक आकडा आहे. आज आपण तो लिहितो तेव्हा चार चिन्हं लागतात : सहा, शून्य, शून्य, एक. नाणेघाटात कोरणाऱ्याचं काम दोन चिन्हांत झालं. हजाराच्या चिन्हाला सहा जोडला, पुढं एक काढला, झालं. दुसरा आकडा आहे २४,४००. तोही तसाच : वीस हजार, चार हजार, चारशे.

आता मोठ्यानं म्हणून बघा, ‘सहा हजार एक’. यात शून्य कुठं आलं? नाही आलं. म्हणजे बोलताना आपण आजही नाणेघाटाच्या पद्धतीनंच बोलतो. शून्य फक्त लिहिताना येतं.

शून्याचा शोध नाणेघाटात लागला, असं कधीकधी अभिमानानं सांगितलं जातं. तसं नाही. तिथं शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. पण मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट खरी मजा तिथंच आहे. शून्य का नाही? कारण त्या माणसाला त्याची गरजच नव्हती. दानाची नोंद करायची तर ही पद्धत उत्तम आहे, वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. अडचण सुरू होते ती गणित मांडताना. सदतीस गुणिले चोवीस या चिन्हांत करून बघा. ‘तीस’ला एक वेगळं चिन्ह, ‘सात’ला वेगळं, ‘वीस’ला वेगळं. तीस आणि तीन यांचं नातं डोळ्यांना दिसतच नाही. आपल्या पद्धतीत ते दिसतं, कारण तोच तीनचा आकडा फक्त एक घर डावीकडे सरकतो. आणि एकदा घरं आली की रिकाम्या घराचं काय करायचं हा प्रश्न येतोच. त्याला खूण लागते. ती खूण म्हणजे शून्य.

पुढं इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त शून्याला संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम देतो. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा आपल्याला वाचता येईल असा, शून्यासकट कोरलाय. नाणेघाटापासून तिथवर शतकं गेली. एका डोक्यात एका रात्री हे घडलेलं नाही. हिशेब मांडणारे, पंचांग करणारे, शिकवणारे असे कितीतरी हात त्यात आहेत.

यातून मला काय दिसतं? अडचण जाणवल्याशिवाय उत्तर सुचत नाही. आणि दुसरं, आपण नुसत्या डोक्यानं विचार करत नाही, हातातल्या खुणांनीही करतो. खूण बदलली की काल अवघड असलेला विचार आज चौथीतलं मूल करतं. ते मूल ब्रह्मगुप्तापेक्षा हुशार असतं असं नाही, त्याच्या हातातलं हत्यार चांगलं असतं.

खोडद : काय वगळलं तरी चालेल?

आता घाटमाथ्यावरून पूर्वेकडे येऊ. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, बाकी सोळा तीन दिशांना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत अंतर सुमारे २५ किलोमीटर. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. त्याआधी त्यांनी उटीला एक दुर्बीण उभारली होती, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. त्यासाठी त्यांनी असा डोंगर शोधला, ज्याचा उत्तर-दक्षिण उतार तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. असं का? कारण मग दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. एकाच आसाभोवती फिरवली की आकाशातली वस्तू तासन् तास नजरेत राहते. जे काम यंत्राकडून करून घ्यायचं ते डोंगराकडून करून घेतलं.

खोडदला प्रश्न वेगळा होता. ४५ मीटरची तबकडी सलग पत्र्याची केली तर वजन प्रचंड. वाऱ्याचा जोर सोसायला सांगाडा दणकट हवा, म्हणजे आणखी वजन, आणखी खर्च. त्या तीस करायच्या! इथं माणूस दोन गोष्टी करू शकतो. ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणून सोडून देऊ शकतो. किंवा विचारू शकतो, आरसा सलग असायलाच हवा का?

नको! तुमच्या घरी मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी असते. आतला उजेड त्यातून दिसतो, पण अन्न तापवणाऱ्या लहरी बाहेर येत नाहीत. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, भोकं त्या मानानं अगदी बारीक. त्या लहरींसाठी ती जाळी म्हणजे भिंतच. खोडदची दुर्बीण २१ सेंटिमीटर ते काही मीटर लांबीच्या लहरी टिपते. मग एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांची तारेची जाळी पुरते. पोलादी दोरांनी ताणून ती परवलयाच्या आकारात बसवली. वारा जाळीतून निघून जातो. सांगाडा हलका झाला, खर्च आवाक्यात आला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण देशाला अर्पण झाली आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात.

याला कुणी ‘देशी जुगाड’ म्हटलं की मला पटत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. भोक केवढं चालेल, तार किती जाड हवी, वाऱ्यात जाळी किती वाकेल, हे इथं आकड्यांत ठरवलेलं आहे. काय वगळता येईल हे कळायला काय वगळता येणार नाही हे पक्कं माहीत असावं लागतं. मूर्तिकार दगड काढून टाकतो ना, तशातलं हे काम. सर्जनशीलता म्हणजे नेहमी काहीतरी जास्तीचं घालणं, असा आपला समज असतो. इथं उलटं आहे.

बोरी : एक राख, अनेक उत्तरं

तिसरी जागा बोरी बुद्रुक, कुकडी नदीच्या काठी. तिथं मातीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली. सह्याद्रीचा कातळ ज्वालामुखीचाच, पण तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानानं अगदी अलीकडची, लांबून उडत आलेली. मग कधीची?

१९८० च्या दशकापासून यावर वाद चालू आहे. एका मोजणीत १४ लाख वर्षं आली. दुसऱ्या पद्धतीनं सुमारे पावणेसात लाख. काहींनी राखेचं रासायनिक रूप बघून सांगितलं, की सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७५,००० वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्याची ही राख. फरक किती मोठा आहे बघा! कुकडीकाठी हत्यारं घडवणारा माणूस किती जुना, याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

ऐकणारा म्हणतो, ‘यांचंच एकमत नाही, मग यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ मी म्हणेन, म्हणूनच थोडा ठेवा. इथं प्रत्येक जण सांगतो, मी कुठला कण घेतला, कसा मोजला, माझी चूक कुठं असू शकते. दुसरा येतो आणि तिथंच बोट ठेवतो. उत्तर सुचणं हे अर्धं काम. सुचलेलं चुकीचं असू शकेल, ते कसं कळेल याची सोय करणं हे उरलेलं अर्धं. कवितेला ही दुसरी अट नसते, विज्ञानाला असते. पहिल्या अर्ध्यात मात्र दोघं सख्खी भावंडं आहेत.

मग आपलं काय?

आता जरा अडचणीच्या विषयाकडे येतो, कारण तो तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. पुणे-नाशिक थेट रेल्वेमार्ग नारायणगावच्या बाजूनं यायचा होता. जीएमआरटीला अडथळा होईल म्हणून तो मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयानं घेतली. जुन्नर-आंबेगावमध्ये त्याबद्दल नाराजी आहे आणि ती मला समजते. टोमॅटोचे क्रेट ट्रकमध्ये चढवणाऱ्यानं विश्वाच्या उत्पत्तीसाठी आपली गाडी का सोडावी? दुर्बिणीला शांतता हवी हेही खरं. विजेच्या गाडीच्या ठिणग्या, मोबाइल, मोटारी या सगळ्यांतून रेडिओ लहरींचा गोंगाट होतो. दूरच्या दीर्घिकेचा क्षीण संदेश त्यात बुडतो. ज्ञान साऱ्या जगाचं आणि किंमत एका तालुक्याची, हा पेच आहे. शेतकऱ्याला विज्ञानविरोधी म्हणून तो सुटत नाही. शास्त्रज्ञांना विकासविरोधी म्हणूनही सुटत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्या पद्धतीनं तबकडी झाली त्याच पद्धतीनं हा प्रश्न हाताळायला हवा. अडथळा नेमका कुठल्या लहरींवर, किती अंतरावर, किती? मधला डोंगर किती आडोसा देतो? काय बदललं तर चालेल, काय अजिबात चालणार नाही? हे हिशेब मराठीत गावासमोर ठेवावेत. त्यानंतरही उत्तर ‘नाही’ आलं तर ते कारणासकट आलेलं ‘नाही’ असेल. कारण न सांगता आलेला नकार माणसं विसरत नाहीत. आणि तालुक्यानं शांतता द्यायची असेल तर बदल्यात त्याला काय मिळणार, हेही त्याच बैठकीत बोललं पाहिजे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला मुलांचं प्रदर्शन भरतं. त्यात सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी दरवर्षी फुटतो. फुटू द्या, मुलांना मजा येते. पण त्याच्या शेजारी असा एक तरी तक्ता लावा, ज्याचं उत्तर शिक्षकांनाही माहीत नव्हतं. आपल्या विहिरीची पाणीपातळी जूनपासून दर आठवड्याला मोजलेली, किंवा शाळेच्या मैदानावर दुपारी बारा वाजता पडणारी काठीची सावली वर्षभर मोजलेली. उत्तरं हल्ली फोन देतो. आपल्या विहिरीचा आकडा त्याला माहीत नाही, तो कुणीतरी दोर सोडूनच मोजावा लागतो. मोजताना काहीतरी जुळत नाही असं लक्षात येतं, आणि मग मूल विचारतं, ‘सर, असं का?’ त्या वेळी लगेच उत्तर देऊ नका, एवढंच.

नाणेघाटात पुन्हा गेलात तर लेखाला हात न लावता, विजेरीचा उजेड भिंतीवर तिरका पाडून आकडे शोधा. मी थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.