मुलगा अठराचा झाला, आता सही कोणाची? कायदेशीर पालक होणाऱ्याला हिशेबही द्यावा लागतो

मतिमंद मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की घरच्यांना पहिला धक्का बँकेत बसतो. त्याच्या खात्यावर आईची सही चालत नाही. "मी सख्खी आई आहे" म्हटलं तरी साहेब मान हलवतात, आणि कायद्याने त्यांचं बरोबर असतं. सज्ञान झालेल्या मुलाचे आई-वडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ लागू होतो. त्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी या समितीत असतात. अर्ज आई-वडील किंवा नातेवाईक करू शकतात.

नेमणुकीचा कागद मिळाला की झालं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. ६ महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते: शेत, घर, जनावरं, ठेवी, दागिने, शिवाय येणं आणि देणं. पुढे दरवर्षी मार्च संपल्यावर ३ महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, किती आले, किती गेले, शिल्लक किती याचा हिशेब. त्याच्या वाट्याच्या सोयाबीनचे पैसे आणि निराधार योजनेचं अनुदानही त्यात आलं. औषधाच्या, खताच्या पावत्या जपून ठेवा. तोंडी हिशेब भावकीत चालतो, समितीपुढे नाही.

खरी गडबड जमिनीवरून होते. पालक झालेला भाऊच बहिणीच्या वतीने हक्कसोडपत्रावर सही करायला निघतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पालकत्व मर्यादित केलंय. निर्णय त्या व्यक्तीला सोबत घेऊन, तिच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा. आणि व्यवहारात आधार देणाऱ्याचा स्वतःचा फायदा आड येत असेल, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. बहिणीला बोलता येत नसलं तरी होकार-नकार खुणेने कळतोच की!

पालक छळ करत असेल, हेळसांड करत असेल किंवा पैसे खात असेल, तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. समिती चौकशी करून दुसरा पालक नेमू शकते.

अपघातानंतर कोमात गेलेल्या माणसासाठी मात्र ही समिती नाही. तिथे वकिलामार्फत उच्च न्यायालयात जावं लागतं. बाकीच्यांनी दिव्यांग प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि वयाचा पुरावा घेऊन आधी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.