इंडेक्स टू वाचताना

राष्ट्रीय आवास बँक घरांच्या किमतींचा 'रेसिडेक्स' नावाचा निर्देशांक काढते. त्यात देशातली ५० शहरं आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आहेत, पुण्याजवळचं चाकणसुद्धा आहे. नांदेड नाही, लातूर नाही. त्यामुळे नांदेडच्या तरोड्यात किंवा लातूरच्या औसा रोडला घर बघणाऱ्याच्या हाती भाव चढला की उतरला हे सांगणारा छापील आकडा येतच नाही. त्याच्या कानावर येतो तो चौकातला भाव. "परवाच शेजारचा प्लॉट एवढ्याला गेला." बँकांसाठी मिळकतींचं मूल्यांकन करताना हे वाक्य मी सतत ऐकतो, आणि माझा प्रश्न ठरलेला असतो: खरेदीखत झालं का?

बहुतेक वेळा झालेलं नसतं. इसार दिलेला असतो, नाहीतर नुसती बैठक झालेली असते. मालकानं मागितलेला आकडा दोन दुकानं ओलांडेपर्यंत 'झालेला व्यवहार' बनतो, आणि पुढचा मालक त्याच्यावर आणखी थोडं चढवून मागतो. नोकरदाराची आयुष्यभराची शिल्लक अशा ऐकीव आकड्यावर ठरावी, याचं मला फार वाईट वाटतं. कारण खरा कागद उपलब्ध आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, घरबसल्या दिसतो.

हा उतारा सावकाश वाचावा लागतो. पहिल्या रकान्यात दस्ताचा प्रकार. तिथे बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र असेल तर ते बाजूला ठेवायचं. भावाभावांतल्या वाटणीतून बाजार कळत नाही. दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव, पाचव्यात क्षेत्रफळ. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि बोलणं चौरस फुटात, म्हणून १०.७६४ चा हिशेब डोक्यात पक्का हवा. वीस बाय तीसचा प्लॉट म्हणजे ६०० फूट, कागदावर ५५.७४ मीटर. नवव्या रकान्यात दस्त करून दिल्याची तारीख असते. पण सौदा ठरतो त्याच्या कितीतरी आधी, इसाराच्या दिवशी. म्हणजे दिवाळीनंतर नोंदलेला दस्त अनेकदा उन्हाळ्यातला भाव सांगत असतो.

आता दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून बघा. तिसऱ्यातला 'बाजारभाव' हा बाजारातला नव्हे, तो शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याचा, म्हणजे रेडी रेकनरचा. दोन्हींपैकी जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. साहजिकच बरेच लोक मोबदला रेकनरला चिकटवून लिहितात. एका गल्लीतल्या पाच-सात दस्तांत मोबदला आणि रेकनर जवळपास सारखे दिसले की मी त्यातून भाव काढत नाही. मी शोधतो कर्जावरचे व्यवहार. ज्याला बँकेकडून मोठी रक्कम हवी, त्याला मोबदला खऱ्याच्या जवळ दाखवावा लागतो. नगरपालिका हद्दीबाहेरच्या आतल्या गल्ल्यांत उलटंही होतं: रेकनर वर आणि गिऱ्हाईक खाली. आयकरात या तफावतीला १० टक्क्यांपर्यंत सूट आहे. त्याहून फरक जास्त असेल तर खरेदी करणारा आणि विकणारा दोघंही अडचणीत येतात.

रेकनर वाढला म्हणजे भाव वाढले, असा समज घट्ट आहे. २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं राज्यातले दर होते तसेच ठेवले होते. बाजार काही तेवढा काळ गोठून राहिला नाही. मग १ एप्रिल २०२५ पासून मुंबई सोडून बाकीच्या महापालिका क्षेत्रांत सरासरी ५.९५ टक्के वाढ झाली, आणि त्याआधी मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांत नेहमीसारखी झुंबड उडाली. त्या मार्चमधले जास्तीचे दस्त पाहून तेजी आली म्हणणं चूक.

लातुरात मला सगळ्यात मन लावून बघावा लागतो तो ट्यूशन एरिया. लातूर पॅटर्ननं, म्हणजे बाहेरगावची मुलं इथे आणणाऱ्या शिकवण्यांनी, या शहरात जे उभं केलं, ते घरांच्या नकाशातही दिसतं: मधे बोळ, दोन्ही बाजूंना दहा बाय बाराच्या खोल्या, प्रत्येक मजल्यावर सामाईक नळ, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. इथे जमिनीच्या भावाइतकाच भाड्याचा हिशेब बोलतो. समजण्यापुरता आकडा घेऊ. सहा खोल्या, प्रत्येकी ५,००० रुपये, वर्षाचे दहा महिने. झाले तीन लाख. पाणी, घरपट्टी, रंगरंगोटी, रिकामे दिवस वजा जाता दोन लाख चाळीस हजार. मालक ९० लाख मागत असेल तर पावणेतीन टक्केसुद्धा सुटत नाहीत. मग ही किंमत भाड्यावर उभी नाही, पुढे कोणीतरी आणखी जास्त देईल या आशेवर उभी आहे. अशा वेळी मी घरमालकिणीला, काकू, जूनमध्ये किती खोल्या रिकाम्या राहिल्या, एवढंच विचारतो. त्या उत्तरातून जे कळतं ते एजंट सांगत नाही.

इमारतीचं मोल वेगळं काढायचं. आरसीसी घराचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि शेवटी दहा टक्के मोल उरतं असं मानलं, तर वीस वर्षांच्या घराची बांधकाम किंमत ३० टक्क्यांनी उतरते. जमीन चढत असते म्हणून ही घट मालकाला दिसत नाही. जुन्या लातुरात दगड-मातीच्या भिंती लागल्या की मी बांधकामाला जवळजवळ काहीच धरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती अशाच भिंतींखाली. काळ्या मातीवर पाया किती खोल गेलाय, मुरूम लागला का, हेही विचारावं लागतं. जोत्यापासून खिडकीकडे तिरपी गेलेली भेग बरंच काही सांगते. आणि पाणी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे हे. इथे दोन सारख्या घरांत बारमाही बोअर असलेलं घर आधी विकलं जातं.

नांदेडात माझा अर्धा वेळ कागदात जातो. निजामाच्या काळातली इनामं इथल्या जमिनींच्या पोटात आहेत. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन, मदतमास किंवा खिदमतमास असं काही दिसलं की भावाआधी परवानगी आणि नजराण्याचा प्रश्न येतो. त्याच रस्त्यावरचा एन.ए. लेआउटचा प्लॉट आणि मागचा गुंठेवारीचा प्लॉट यांची तुलना करूच नये. जुलै २०२१ च्या परिपत्रकानं एक-दोन गुंठ्यांच्या खरेदीची नोंदणी अडली, तेव्हा कितीतरी सौदे नुसत्या बाँडवर झाले. ते इंडेक्स टूमध्ये नाहीत. म्हणजे शहराच्या कडेच्या वस्त्यांत, जिथे गरीब माणूस घर बांधतो, तिथला बाजार नोंदींत अर्धाच दिसतो. गोदावरी आणि आसनेकाठी आणखी एक कागद लागतो, पूररेषेचा नकाशा. निळ्या रेषेच्या आतल्या प्लॉटचा भाव कमी दिसतो तो उगाच नाही. पावसाळ्यात तिथे जाऊन भिंतीवरची पाण्याची खूण हातानं बघून यावी.

२००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी गुरुद्वारा परिसरातले रस्ते रुंद झाले, आणि तिथला हिशेब बदलला. आता तिथे घराच्या आतल्या लांबीला किंमत कमी, रस्त्यावरच्या फुटांना जास्त. ही वाढ खरी होती, कारण यात्रेकरू दररोज येतात.

उतार ओळखणं चढापेक्षा कठीण, कारण आमच्याकडे भाव कोणी उतरवत नाही; नुसता थांबतो. अहमदपूर, निलंगा, औसा भागातला शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात प्लॉट घेतो तो सोयाबीनच्या पैशावर. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली जात होता. अशा वर्षी मागणारा आकडा तोच राहतो. बदलतं ते बाकीचं: 'विकणे आहे'ची पाटी दुसरी दिवाळी बघते, इसारानंतरची मुदत तीन महिन्यांची आठ महिने होते, सौद्यात जुनी गाडी घालून घेतली जाते. मी आता प्रत्येक पाहणीत पाटी केव्हा लागली याची नोंद ठेवतो.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं. त्याच्या नावावर आजूबाजूला प्लॉट विकले गेले, आणि जाहिरातीत कारखाना किती मिनिटांवर हे छापलं गेलं. तिथल्या एखाद्या लेआउटमध्ये गेलं की मी आधी उभी घरं मोजतो, मग विजेचे खांब, मग संध्याकाळी किती दिवे लागतात ते बघतो. एकाच प्लॉटची तीनदा खरेदी झालेली आणि वीट एकही नाही, असं दिसलं तर शेवटच्या खरेदीचा भाव मी अहवालात आधार म्हणून घेत नाही. पलीकडच्या गावठाणालगत, जिथे माणसं राहायला आली आहेत, तिथला दस्त शोधतो आणि तो लावतो. मालक नाराज होतात, कर्ज कमी बसतं. घेणारा बहुधा तिथल्याच कुठल्यातरी शाळेत शिक्षक असतो, आणि हप्ता वीस वर्षं त्यालाच भरायचा असतो.