शेततळ्याची संगणकीय प्रतिकृती व खरे माप

शेततळे खोदण्यापूर्वी त्याची प्रतिकृती संगणकावर तयार करता येते. परंतु तिच्यात नोंदलेले माप प्रत्यक्षातलेच असावे लागते. चित्र सुबक दिसले म्हणजे झाले, असे नव्हे.

समजा, वरची बाजू ३० मीटर, खोली ३ मीटर आणि कडांचा उतार १ास १ असे चौरस तळे घ्यावयाचे आहे. तळाची बाजू २४ मीटर भरते व त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लक्ष लिटर पाणी मावते. हेच आकडे मीटरऐवजी फुटांत नोंदले गेले, तर चित्रात तिळमात्र फरक दिसत नाही. पाणी मात्र सुमारे ६२ घनमीटरच निघते. लांबी, रुंदी व खोली ही तिन्ही मापे घटतात, म्हणून साठा जवळजवळ पस्तिसाव्या हिश्श्यावर येतो. अशा अंदाजावर खोदाईचा खर्च व अस्तराचा कागद ठरविणारा शेतकरी फसलाच म्हणावयाचा.

याकरिता आरंभीच एक गुंठ्याचा चौरस काढून पाहावा. त्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १०.०६ मीटर आली पाहिजे. गुंठा हे घरचे माप असल्याने चूक चटकन ध्यानी येते. पुढे बांधावरील एखादे अंतर फितीने मोजून प्रतिकृतीशी ताडावे.

उंचीच्या बाबतीत अधिक जपावे. सपाट रानाचा चढउतार नजरेस यावा म्हणून उभे माप वाढवून दाखविण्याची सोय असते. ते दहापट केल्यास शेकडा १ उताराचे शेत शेकडा १० उताराचे भासते. सांडव्याची जागा ठरविताना उभे व आडवे माप सारखे करून घ्यावे.