मोळी बांधता बांधता गणित

तीर्थपुरी (जि. जालना), प्रतिनिधी : दुसरीतल्या मुलाला ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगितले की तो पुष्कळदा ३६ लिहून मोकळा होतो. वहीवर तांबडी फुली पडते आणि घरी ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात. वास्तविक मुलाने नीट ऐकलेले असते. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात, साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. ही उलटापालट नुसते गिरवून सुटत नाही. ती सोडवण्याचे साधन घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावात शेताच्या बांधावर फुकट मिळते. ते म्हणजे तुराट्या.

वाळलेल्या तुरीच्या बोटभर काड्या करायच्या आणि दहा-दहा मोजून दोऱ्याने बांधायच्या. एक मोळी म्हणजे एक दशक, सुटी काडी म्हणजे एकक. त्रेसष्ट काड्या मोजून झाल्या की पुढ्यात सहा मोळ्या आणि तीन काड्या उरतात. शेजारी ३६ चा ढीग मांडला की चूक कोणी सांगावी लागत नाही. पुढे ६३ मधून ८ वजा करायचे असतात. सुट्या काड्या तीनच. मग एक मोळी सोडावीच लागते. आता सुट्या तेरा झाल्या, त्यातल्या आठ काढल्या, पाच मोळ्या व पाच काड्या राहिल्या. ‘हातचा’ हा गूढ शब्द म्हणजे सोडलेला दोरा, हे मुलाला स्वतःच्या हाताने कळते.

अपूर्णांकांच्या बाबतीत तर मोसंबीचा हा जिल्हा भाग्यवानच. सोललेल्या फळाच्या दहा फोडी निघाल्या तर दोन फोडी म्हणजे एक पंचमांश. धडा संपला की साहित्यही संपते, एवढीच अडचण!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा वाद थेट विधिमंडळात गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांमुळे मुलांना येणारी अडचण त्या वेळी मांडली होती. वाद मात्र मराठी बिघडेल की टिकेल, यावरच रंगला. संख्या कोणत्याही शब्दाने वाचली तरी तिच्यातले सहा दशक मुलाच्या हाताखालून गेले आहेत का, ही बाजू मागे पडली.

हातांनी शिकवण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मॉन्टेसरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाई व अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी खडे, शिंपले, पाने, बिया आणल्या. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली, तीच ‘कुरणशाळा’. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती व शोधातून शिकण्याचा उल्लेख आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ते प्रत्यक्षात उतरवले, आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव पोहोचला.

शब्दाबरोबर रंगही पोहोचला. वर्गांच्या फरशा आकड्यांनी आणि तक्त्यांनी सजल्या. परंतु फरशीवर रंगवलेली मोळी सोडता येत नाही. साहित्य पाहुण्यांना दाखवून पुन्हा कपाटात जाणार असेल तर त्यापेक्षा फळा बरा.

मराठवाड्याच्या या पट्ट्यात प्रश्न अधिक बिकट आहे तो ऊसतोडीमुळे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे फडावर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तरी आईवडिलांबरोबर जाणारी मुले आहेतच. परतलेली मुलगी वर्गात बसते तेव्हा पुस्तक पन्नास पाने पुढे गेलेले असते. तेथे मोळ्या उपयोगी पडतात, कारण ज्या दशकावर ती थांबली तेथूनच ती पुन्हा मोजू लागते. शेजारची मुले शतक बांधत असली तरी बिघडत नाही. उसाच्या मोळ्या तर तिने फडात रोज पाहिलेल्या असतात. मात्र त्यासाठी तिच्याजवळ बसायला शिक्षकाला रोज अर्धा तास हवा. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या वस्तीवरच्या शाळेत तो अर्धा तास कोठून काढायचा, याचे उत्तर अद्याप कोणत्याही परिपत्रकाने दिलेले नाही.