कातळावरचं चार महिन्यांचं रान

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. बंदर, रस्ते, नवी शहरं यांना भराव लागतो, खडी लागते, आणि ती उरण-पनवेलच्या काळ्या टेकड्या फोडूनच येते. नवी मुंबई विमानतळासाठी तर सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडीच सपाट झाली.

उन्हाळ्यात हा कातळ मेल्यासारखा दिसतो. सातबाऱ्यावरही असली जमीन बहुधा 'पोटखराबा'च. पण पावसाच्या पहिल्या सरींनंतर बोटभर मातीत गवतं, गेंद, तेरडा उगवतात. सीतेची आसवं ही इवली निळी-जांभळी फुलं तर कीटकभक्षी! या मातीत नत्र फार कमी, म्हणून या वनस्पतीच्या बारीक पिशव्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव खेचून घेतात आणि पचवतात. कंदीलपुष्पांसारख्या कंदवर्गीय वनस्पती उरलेले आठ महिने कंदाच्या रूपात जमिनीखाली काढतात.

म्हणूनच खाणीनंतर 'वृक्षारोपण करू' हे आश्वासन मला पटत नाही. खड्ड्यात बाहेरून माती भरून झाडं जगतीलही, पण पाणी साचणारा तो उघडा खडक आणि त्याच्या भेगांतली माती परत येत नाही.

अशाच पावसाळी फुलांचं कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे माणसं फुलं बघायला रांगा लावतात. कोल्हापूरच्या सड्यांवर, म्हणजे तिथल्या उघड्या पठारांवर, मात्र बॉक्साइटसाठी जांभा खणला गेला. आपल्या टेकड्यांची तर साधी वनस्पती-नोंदही सुरुंगाआधी व्हायला हवी, आणि ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पाहणी केली तर कागदावर फक्त दगडच येतील.