आधी नेटवर्क, मग रिचार्ज

हातोदला माझं एमपी ऑनलाइनचं दुकान आहे. समग्र आयडी, खसऱ्याची नक्कल, लाडली बहनाची केवायसी, परीक्षेचे फॉर्म, वीजबिलं अशी कामं दिवसभर चालतात आणि मधेमधे मोबाइलची रिचार्ज. रिचार्जला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "दीदी, सगळ्यात स्वस्तवालं मारून द्या." मी मारून देते. पण या काउंटरमागे बसून माझं एक मत पक्कं झालंय. स्वस्त रिचार्ज जरूर शोधावं, पण त्याच्या आधी आपल्या घरात, शेतात आणि कामाच्या जागी कुठल्या कंपनीचा सिग्नल धड पोचतो ते बघावं. तेवढं न बघता वाचवलेले पन्नास-शंभर रुपये पुढे कुठेतरी हमखास जातात.

कसे जातात ते मला रोज दिसतं. गव्हाच्या सरकारी खरेदीचा स्लॉट घ्यायला मुलगा दुकानात येतो. नोंदलेला नंबर आईचा, आणि तो फोन घरी. मी बटण दाबते, ओटीपी निघतो आणि घरी पोचतच नाही. मुलगा फोन लावतो तर "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". चौथ्या-पाचव्या खेपेला फोन लागतो आणि तो ओरडून सांगतो, "आई, फोन घेऊन बाहेर ओट्यावर ये!" आई ओट्यावर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो, इतर बरेच त्याहून कमी. मग पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर उद्या या. उद्या म्हणजे आणखी एक चक्कर, पेट्रोल आणि बुडालेला दिवस. घरच्या फोनसाठी स्वस्त म्हणून घेतलेलं सिम असं महागात पडतं.

स्वस्त रिचार्ज आणि स्वस्त कंपनी

लोकांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसलाय, की महागाचं रिचार्ज मारलं की नेटवर्क सुधारतं. तसं होत नाही. एकाच कंपनीचा दोनशे रुपयांचा ग्राहक आणि हजार रुपयांचा ग्राहक एकाच टॉवरला जोडलेले असतात. घरात ज्या जागी एकाचा फोन लागत नाही, तिथे तसल्याच फोनवर दुसऱ्याचाही लागणार नाही. जास्त पैशांत जास्त डेटा मिळतो, जास्त दिवस मिळतात. रोजचा डेटा संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जातो, व्हिडिओ नाही. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जीसुद्धा साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या योजनांपुरतंच ठेवलं. म्हणजे ज्याच्या घरात ५जी पकडतच नाही, त्याने केवळ ५जीसाठी मोठं रिचार्ज मारणं हे पैसे वाया घालवणं आहे. असं रिचार्ज मागणाऱ्या मुलांना मी आधी विचारते, घरी फोनवर ५जी दिसतं का?

अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तिथे स्वतःचे टॉवर नसलेल्या कंपन्या मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क भाड्याने घेऊन स्वस्तात विकतात, आणि गर्दीच्या वेळी त्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या ग्राहकांचा डेटा मागे ठेवला जातो. तिथे स्वस्त योजना म्हणजे गर्दीत थोडं मागे उभं राहणं हे बऱ्याचदा खरं असतं. आपल्याकडे अशा कंपन्यांना परवाने द्यायचं धोरण २०१६ मध्ये आलं, पण मोबाइलच्या धंद्यात त्या रुजल्या नाहीत. आपल्यासमोर मुख्यतः चारच नावं आहेत: जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल. त्यामुळे आपल्याकडचा प्रश्न सोपा आहे. एका कंपनीतली स्वस्त योजना घेतली तर सिग्नल बिघडत नाही. स्वस्त म्हणून कंपनी बदलली तर मात्र टॉवर बदलतो, आणि टॉवर बदलला की सगळं बदलतं.

जुलै २०२४ मध्ये हे देशभर दिसलं. तिन्ही खासगी कंपन्यांनी ३ आणि ४ जुलैला दर वाढवले. जिओचं १५५ रुपयांचं २८ दिवसांचं रिचार्ज १८९ वर गेलं, एअरटेल आणि व्हीआयचं १७९ वरून १९९ वर. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, आणि त्या एका महिन्यात तिच्याकडे २९ लाखांहून जास्त ग्राहकांची भर पडली. पण तेव्हा बीएसएनएलचं ४जी देशात बऱ्याच ठिकाणी पोचलेलंच नव्हतं, आणि वर्ष संपेपर्यंत ग्राहकांचा ओघ उलट फिरला. आता चित्र बदलतंय. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं, सुमारे ९७,५०० टॉवरांसह. म्हणून कुठल्याही कंपनीबद्दलचं जुनं मत धरून बसू नये. तिचा टॉवर आज आपल्या घरापाशी काय देतो तेवढंच बघावं.

सिग्नल घरात का शिरत नाही

हातोद इंदूरपासून लांब नाही. विमानतळ आणि गांधीनगर मागे पडलं की सोयाबीन, गहू, बटाटा आणि लसणाची शेतं लागतात. इंदूरला जिओचं ५जी २९ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं. इथून इंदूरला शिकायला जाणारी मुलं सांगतात, सुपर कॉरिडॉरवर फोन नुसता पळतो आणि घरी आलं की गोल फिरत राहतो.

याचं मुख्य कारण लहरींमध्ये आहे. मोबाइलचा सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३००, २५०० किंवा ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर डेटा वाहतात, पण लवकर क्षीण होतात. देवळातल्या ढोलाचा आवाज चार शेतं ओलांडून येतो आणि झांजेचा गावातच विरतो, तसंच हे. शहरात टॉवर जवळजवळ असतात म्हणून दुसऱ्या प्रकारच्या लहरीही पुरतात. आपल्याकडे टॉवर विरळ, त्यामुळे घरात बहुतेकदा पहिल्याच प्रकारच्या लहरी पोचतात. एखाद्या कंपनीच्या जवळच्या टॉवरवर त्या कमी असतील, तर तिचा फोन अंगणात चालतो आणि माजघरात मुका होतो.

त्यात आपली घरं. पत्र्याचं छप्पर सिग्नल परतवून लावतं. जाड मातीची भिंत तो शोषून घेते. लोखंडी सळ्यांचा स्लॅबही बराच अडवतो. शिवाय सिग्नल आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळी सगळं गाव एकदम व्हिडिओ लावून बसलं की दांड्या भरलेल्या असूनही नेट रखडतं, कारण टॉवरवर गर्दी झालेली असते. आणि वीज बराच वेळ गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की सिग्नलच जातो.

मोजून बघा

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या ते प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये "फोनविषयी" आणि त्यात "सिमची स्थिती" उघडा. तिथे उणे चिन्हाचा आकडा आणि पुढे डीबीएम असं दिसेल. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळमानाने −९० च्या आसपास उत्तम, −१०५ पर्यंत चालेल, −११५ च्या खाली फोन तुटायला लागतो. या मापात १० चा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी, २० चा फरक म्हणजे शंभरपट.

माझ्या सासूबाईंची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे, जुन्या जाड भिंतींची. त्या पुण्याच्या लेकीशी रोज बोलतात आणि बोलता बोलता फोन कटायचा. दोघींना वाटायचं समोरचीनेच ठेवला. मी आकडे बघितले: ओट्यावर −९२, माजघरात −१०८, त्यांच्या पलंगापाशी −११८. शेजारच्या काकूंचं दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच फोनमध्ये घालून पलंगापाशी बघितलं, तर −१०१. एकच फोन, एकच जागा, पन्नासपट फरक. सासूबाईंचा नंबर त्या कंपनीत नेला आणि माय-लेकींच्या गप्पा आता मध्येच तुटत नाहीत. फोनची बॅटरीही जास्त टिकते, कारण सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोचायला फोनला जास्त जोर लावावा लागतो.

तुम्हीही असंच करा. जिथे तुमचा जास्त वेळ जातो अशा तीन जागा धरा: रात्री निजायची खोली, कामाची जागा, आणि शेत किंवा रोजचा रस्ता. शेजाऱ्याचं किंवा पाहुण्याचं सिम घालून बघा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठनंतर. वेगासाठी ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, मायस्पीड ॲप आहे. कुठे कुठलं नेटवर्क मिळतं त्याचा नकाशा संकेतस्थळावर ठेवणं ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना बंधनकारक केलंय, तोही बघा. पण नकाशाला तुमच्या घराची भिंत माहीत नसते, म्हणून स्वतः मोजल्याशिवाय ठरवू नका.

फोनही बघायला हवा. जिओवर २जी किंवा ३जी नाही, त्यामुळे जुना साधा २जी फोन तिथे चालणार नाही. बीएसएनएलचं ४जी बऱ्याच ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झवर आहे आणि काही जुन्या स्वस्त फोनांत तो बँडच नाही. घरात वायफाय असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा, वेगळे पैसे पडत नाहीत. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवान्याविना ते बसवणं बेकायदा आहे आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क त्याने बिघडतं.

आता पैशांचा हिशेब

कंपनी ठरली की मग त्या कंपनीतली स्वस्तातली स्वस्त योजना खुशाल निवडा. फक्त हिशेब वर्षाचा करा. २८ दिवसांची रिचार्ज वर्षात बाराऐवजी तेरा लागतात. १९९ रुपयांचं रिचार्ज तेरा वेळा मारलं तर २,५८७ रुपये होतात.

ज्यांना नुसतं बोलायचं असतं त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसच्या योजना देणं भाग पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने अशी ३६५ दिवसांची योजना १,८४९ रुपयांना आणली, जिओने ३३६ दिवसांची १,७४८ रुपयांना. वरच्या हिशेबाशी एअरटेलची योजना ताडली तर वर्षाला ७३८ रुपये वाचतात. अशा योजना ठळकपणे दाखवल्या जात नाहीत, म्हणून नावाने मागा. दर बदलत असतात, त्या दिवशीचा दर विचारूनच पैसे द्या. आणि फोनवर यूपीआय किंवा व्हॉट्सॲप चालवायचं असेल तर ही योजना घेऊ नका.

ज्यांच्या घरी एका कंपनीचं आणि शेतावर दुसरीचं नेटवर्क आहे, त्यांनी फोनमध्ये दोन सिम ठेवावीत. बँकेचा आणि आधारचा नंबर घरात पक्का लागणाऱ्या सिमवर, आणि डेटा ज्याचा वेग बरा त्यावर.

नंबर तोच, कंपनी दुसरी

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहा, एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. रिचार्जमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस जाऊ देणं कंपनीला बंधनकारक आहे. आलेला कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ मिळून एकच सर्कल आहे, त्यात तीन कामाचे दिवस लागतात. जुन्या सिममधली शिल्लक आणि उरलेले दिवस बुडतात, म्हणून रिचार्ज संपत आल्यावरच पोर्ट करा.

नेटवर्क सारखं जात असेल तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर प्रीपेड ग्राहकाला तितके दिवस वाढवून देण्याचा नियम आहे.

माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांसाठी मोबाइल म्हणजे रेशन, पेन्शन, मंडीचा भाव आणि परगावी गेलेली लेकरं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पुढचं रिचार्ज मारण्याआधी एकदा घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत जा, फोनमधला तो उणे चिन्हाचा आकडा बघा आणि मग दुकानात या. आकडा बरा असेल तर सगळ्यात स्वस्तवालं रिचार्ज मी आनंदाने मारून देईन. आकडा वाईट असेल तर आधी कंपनी बदला.