गाडी बंद पडते? आधी कार्बुरेटर बदलू नका

आपल्या काही व्यापारी बांधवांकडे कार्बुरेटरची जुनी मारुती व्हॅन अजून आहे. मालेगावहून कापडाच्या गाठी आणायला आम्हीही तीच वापरतो. गेल्या लग्नसराईत राहूड घाटात ती तीनदा बंद पडली. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत दुपार टळली, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. एका मिस्त्रीने कार्बुरेटर बदलला. पैसे गेले, दुखणे राहिले. पुढे कळले, पेट्रोलचा फिल्टर गाळाने तुंबला होता.

म्हणून गाडी केव्हा बंद पडते, ते आधी पाहावे. सकाळी गार असताना पडली तर चोक तपासा. सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच पडली तर स्लो जेटमध्ये कचरा असेल, नाहीतर व्हॅक्यूमची नळी फाटून जादा हवा आत जात असेल. माल भरून चढावर पडली तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर, पंप, टाकीतला गंज पाहा. तापल्यावर पडून गार होताच सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ होते किंवा कॉइल दगा देते. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखालीच, उष्णता कोंडते. अशा वेळी प्लगला करंट येतो का ते मिस्त्रीकडून तिथल्या तिथे पाहून घ्यावे. येत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबराच्या नळ्या खराब करते. आम्ही नळ्या बदलल्या. नवा फिल्टर गाडीत जादा ठेवतो. कार्बुरेटरच्या मानाने त्याची किंमत ती काय!